कळी

ती तुमान माझ्याकडे आली तेव्हा
तिला अजून घोड्याच्या घामाचा वास होता.
छावणीचा कारकून ह्वो दू
दोन बोटांच्या चिमटीत धरून घेऊन आला,
ओसरीवर टाकून म्हणाला,
"अशा दोनशे. थंडीच्या आत. राजाचा हुकूम आहे."
आणि मग आवाज खाली आणून:
"उत्तरेकडच्या हू लोकांची आहे.
ज्याची होती, त्याला आता लागणार नाही."

आमच्याकडे पुरुष पायघोळ झगे घालत.
सासऱ्यांनी तीन दिवस अन्न सोडलं.
दोन पाय दोन पिशव्यांत घालायचे?
असं उभं राहायचं पितरांपुढे?
माणूस आहोत का बगळे?
पण गेल्या शरदात
आमचे रथ चाकापर्यंत चिखलात रुतलेले
आणि ते लोक डोंगराच्या धारेवरून
वळून मागे बाण सोडत, हसत निघून गेलेले,
हे त्यांनीही पाहिलं होतं. तटावरून.
चौथ्या दिवशी त्यांनी राळ्याची पेज मागितली.
तुमानीबद्दल काही बोलले नाहीत.

मी उसवायला घेतली.
लोकर जाड, गालाला लागली तर टोचेल अशी.
कुठेही सुरी चालवलेली नाही,
पायाचं माप मागावरच घेतलेलं.
आणि मधे, दोन्ही पाय भेटतात तिथे
एक कळी,
पायरी पायरीने रुंदावत गेलेली,
मांड टाकताना कापड ताणू नये,
दिवसभर दौडून मांड्या सोलवटू नयेत म्हणून.

ती तळहातावर घेऊन बसले.
दिवा लावायचा राहिला.
वीस वर्षं शिवते आहे मी,
मला हे सुचलं नसतं.
सुचायला घोडा लागतो,
घोड्यावर बसून रोज लांब जाणारा कुणी लागतो
आणि रात्री त्याच्या सोललेल्या मांडीला चरबी चोळताना
आलेला राग.

डाव्या गुडघ्याला ठिगळ होतं.
सुरुवातीचे टाके घाईचे, पुढचे मन लावून घातलेले.
शेवटी गाठ नाही,
दोरा तीनदा टाक्यांखालून माघारी नेलेला.
मी बोटाने तिच्या मागोमाग गेले.
इथे सुई बदलली.
इथे मूल रडलं असेल, टाका वाकडा गेलाय.
इथे दाताने तोडला.
शिवणीत एक कुसळ निघालं,
आमच्या बांधावर न उगवणाऱ्या गवताचं.
ते मी फेकलं नाही. का, ते ठाऊक नाही.

दोनशे झाल्या. मग दोन हजार.
मी गाठ मारणं सोडून दिलं,
माझ्या हाताखालच्या पोरींनीही.
सासरे गेले तेव्हा त्यांना झग्यातच निरोप दिला.
नातू मात्र चालायला शिकला तो तुमानीत,
आणि परवा कुणाशी तरी भांडताना म्हणाला,
"आपल्यासारखे कपडे तरी आहेत का त्या रानटींकडे?"
मी दोरा ओवत होते. ओवत राहिले.

एकोणीस वर्षांनी तह झाला, वेशीबाहेर बाजार भरला.
त्यांनी घोडे आणले, कातडी, लोकर.
आम्ही रेशीम, राळे, आणि मी माझ्या तुमानी.
एक म्हातारी आली. ओठ उन्हाने फाटलेले.
तिने एक तुमान उचलली, उलटी केली,
दोऱ्याच्या टोकापाशी थांबली,
माझ्याकडे बघितलं.
मी खाली बघितलं.
मग तिने कळीवर नख फिरवलं,
बरोबरच्या बाईला काहीतरी म्हणाली
आणि दोघी डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसल्या.

मी दुभाष्याला विचारलं. तो सांगेना.
दोन लाडू दिले तेव्हा सांगितलं:
"ती म्हणते, कळी उलटी लावलीये.
पुढची बाजू मागे."

तोवर राजाचे नऊ हजार स्वार
त्या उलट्या कळीवर बसून
सात लढाया जिंकले होते.